स्वस्ताईची उधारी

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की आपल्या मोहल्ल्यांतल्या बाजारांत रात्रीच दिवस उजाडतो. तरावीहची नमाज आटोपली की बायकामुलांची पावले तिकडे वळतात. चप्पल, बांगड्या, अत्तर, सुरमा, शेवया आणि सगळ्यांत जास्त गर्दी कपड्यांच्या दुकानांवर. मागच्या रमजानमध्ये आम्हीही त्या गर्दीत होतो. "तीनशेला एक, पाचशेला दोन" अशी हाळी ऐकली आणि घरातल्या मुलींसाठी दोन नव्हे, चार कुर्त्या घेतल्या. त्यातही घासाघीस करून पन्नास रुपये कमी करून घेतले. मोठी बाजी मारल्याच्या आनंदात घरी आलो.

सकाळी शेजारच्या खाला आल्या. त्यांच्या घरी तयार कपड्यांचे गठ्ठे येतात. शिवून आलेल्या कपड्याचे लोंबते धागे कापायचे, टिकल्या लावायच्या, घडी घालून पिशवीत भरायचे हे त्यांचे काम. त्यांनी कुर्ती उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवले आणि विचारले, "बेटा, कितीला आणली?" आम्ही अभिमानाने भाव सांगितला. त्या हसल्या. म्हणाल्या, "अशा एक डझन कुर्त्यांचे धागे कापले की मला दहा रुपये मिळतात. रमजानमध्ये काम जास्त येते, पण भाव तोच. तुला स्वस्त पडली ना, चांगले झाले. माझे पैसे त्यातच कुठेतरी राहिले असतील."

त्यांनी ते रागाने म्हटले नव्हते. पण आमच्या डोक्यातून ते वाक्य गेले नाही. वस्तू स्वस्त मिळाली म्हणजे तिची किंमत कमी झाली असे आपण धरून चालतो. खरे तर किंमत तेवढीच असते. आपण त्यातला काही हिस्सा देतो आणि उरलेला कुणाच्या तरी नावे उधार राहतो. ती उधारी कोण फेडतो, याचा हिशेब आज आपण मिळून करू या.

पहिला हिशेब आपल्याच पाकिटाचा

आधी घरातलेच पाहू. तीनशे रुपयांची कुर्ती. पहिल्या धुण्यात रंग गेला, तिसऱ्यात शिवण उसवली आणि सहा वेळा घातल्यावर घालण्याजोगी राहिली नाही. म्हणजे एका वेळेच्या घालण्याला पन्नास रुपये पडले. त्याऐवजी चांगले सुती कापड घेऊन, मोहल्ल्यातल्या दर्जीकडून नऊशे रुपयांत शिवलेला ड्रेस दोन वर्षांत साठ वेळा घातला तर एका वेळेला पंधरा रुपये पडतात. स्वस्त कोणते आणि महाग कोणते, हे दुकानातल्या पाटीवर लिहिलेले नसते.

आपल्या दादी-नानीला हे गणित शिकवावे लागले नव्हते. कपडा घेताना त्या तो हातात चुरगाळून पाहायच्या, शिवणीत दाब किती सोडला आहे ते बघायच्या. मोठ्या मुलीचा कपडा धाकटीला, धाकटीचा झाला की त्याची गोधडी आणि गोधडीही विरली की पोतेरे. एक कपडा दहा-पंधरा वर्षे घरात राबायचा. आजच्या स्वस्त कपड्यात बहुतेक वेळा पॉलिस्टर असते. ते खनिज तेलापासून तयार होते. त्याचे पोतेरे केले तर पाणी शोषत नाही आणि जमिनीत पुरले तर कुजत नाही. म्हणून तो कपडा घरातून निघतो तो थेट कचऱ्याच्या ढिगात किंवा गटारीत. पावसाळ्यात गटार तुंबते आणि पाणी शिरते ते खोलगट भागातल्या वस्तीत. ती वस्ती कुणाची असते, ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरा हिशेब मागावरच्या माणसाचा

कापडाचा विषय निघाला की मालेगाव आणि भिवंडी आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1857 च्या उठावानंतर उत्तर भारतातले विणकर मुंबई-आग्रा रस्त्याने खाली उतरले आणि मोसम नदीच्या काठी मालेगावात वसले. आधी हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. आज या दोन्ही शहरांतल्या हजारो मुस्लिम घरांची चूल त्या खडखडाटावर पेटते. पुरुष मागावर उभे राहतात, बायका घरी कांड्या भरतात. पाळी बारा तासांची असते. एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. हवेत सुताचा कोंडा तरंगत असतो आणि तो श्वासाबरोबर छातीत जातो. मजुरी विणलेल्या कापडावर. माग बंद राहिला, वीज गेली, सूत आले नाही, तर त्या दिवसाची कमाई नाही. आजारी पडला तरी नाही.

मालेगावात शुक्रवारी माग थांबतात आणि शहर शांत होते. पण कित्येकदा ही शांतता शुक्रवार सोडूनही पसरते. सुताचे भाव चढतात, तयार कापडाला उठाव राहत नाही आणि कारखानदार दिवसच्या दिवस माग बंद ठेवतात. लहान कारखानदारही काही सुखी नाही. त्यातले कित्येक जण व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतात. व्यापारी म्हणतो, "पुढून भाव मिळत नाही." पुढचा म्हणतो, "गिऱ्हाईक स्वस्त मागते." आणि गिऱ्हाईक म्हणजे कोण? तरावीहनंतर बाजारात घासाघीस करणारे आपणच. मागावर राबणाऱ्या माणसाची बायकोही ईदला सगळ्यांत स्वस्त ड्रेस शोधते, कारण हातात तेवढेच पैसे असतात. ड्रेस स्वस्त विकला जावा म्हणून कापडाचा भाव पाडला जातो, कापडाचा भाव पडला की मजुरी वाढत नाही आणि मजुरी वाढत नाही म्हणून पुढच्या ईदलाही स्वस्त ड्रेसच घ्यावा लागतो. हे चक्र आपल्याच घरांतून फिरते आहे.

किमान वेतनाचा कायदा आपल्या देशात 1948 पासून आहे. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही वेठबिगारीच आहे. मजूर स्वतःच्या पायाने कामावर आला असला तरीही, कारण भूकही माणसावर जबरदस्ती करते. खालांच्या डझनाला दहा रुपयांचा हिशेब दिवसभराच्या कामाशी लावून पाहिला, तर किमान वेतनाच्या जवळपासही तो जात नाही. पण घरबसल्या काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणून कुणी मोजतच नाही. शाळेतून आलेली नातही तिच्या शेजारी बसून टिकल्या लावते, तेव्हा गठ्ठा लवकर संपतो. त्या मुलीचा अभ्यासही त्या तीनशे रुपयांत मोडला जातो.

तिसरा हिशेब सावरच्या इमारतीचा

स्वस्त कपड्याची उधारी एकदा सगळ्या जगाला दिसली होती. ती ढाक्याजवळच्या सावर इथे. हे आपल्यापासून दूरचे नाही. बांगलादेशात शिवलेले कपडे आपल्याही दुकानांत येतात आणि तिथल्या शिवणयंत्रावर बसणाऱ्या मुली आपल्यासारख्याच घरांतल्या आहेत.

राणा प्लाझा ही आठ मजली इमारत. खाली दुकाने आणि एका बँकेची शाखा, वर तयार कपड्यांचे पाच कारखाने. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले. 23 एप्रिल 2013 रोजी भिंतींना आणि खांबांना मोठ्या भेगा पडल्या. लोक बाहेर आले. इमारत धोकादायक असल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी बँक आणि दुकाने बंद राहिली. पण कारखान्यांच्या ऑर्डरी वेळेत जायच्या होत्या. मजुरांना कामावर बोलावले गेले. आला नाहीत तर पगार कापू, अशी भीती घातली गेली. तेव्हा तिथे किमान पगार महिन्याला 3,000 टका होता, म्हणजे आपले सुमारे दोन हजार रुपये. महिनाअखेर जवळ आलेली. ज्यांच्या घरी त्या पगारावर चूल पेटते, ते काय करणार? ते जिने चढून वर गेले.

24 एप्रिलच्या सकाळी नऊच्या सुमारास वीज गेली. वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि काही क्षणांत इमारत खाली बसली. 1,134 माणसे मेली. सुमारे अडीच हजार जखमी झाली. मृतांत निम्म्याहून जास्त बायका. ढिगाऱ्यात माणसांबरोबर कपडे सापडले, त्यांवर परदेशी दुकानांची नावे शिवलेली होती. त्याआधी पाच महिने, 24 नोव्हेंबर 2012 रोजी, ढाक्याजवळच्याच ताजरीन कारखान्याला आग लागली होती. बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. तिथे शंभराहून अधिक मजूर गेले.

यातली एक गोष्ट आपण नीट लक्षात घ्यावी. त्या इमारतीत बँकेच्या नोकरदारांना घरी राहण्याची मुभा मिळाली आणि शिवणाऱ्या मुलींना मिळाली नाही. इमारत एकच, भेगा त्याच. फरक एवढाच की ज्यांच्या हातचा माल स्वस्त पोहोचवायचा होता, त्यांच्या जिवालाही स्वस्त धरले गेले.

यावर कुणी म्हणेल, मग असे कपडे घेणेच बंद करावे. पण त्याने त्या मुलींचे भले होत नाही, त्यांचे काम जाते. तिथल्या कामगार संघटनांनीही बहिष्कार मागितला नाही. त्यांनी मागितली भक्कम इमारत, उघडा दरवाजा आणि पुरेसा पगार. दुर्घटनेनंतर महिन्याभरातच परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात सुरक्षिततेचा करार झाला. दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. कारखान्यांच्या तपासण्या झाल्या, इमारतींची दुरुस्ती झाली. 2013 संपता संपता किमान पगारही 5,300 टक्यांवर गेला. एवढे करूनही कपड्यांची दुकाने ओस पडली नाहीत. शिवणाऱ्याची मजुरी हा कपड्याच्या विक्रीच्या किमतीतला अगदी लहान हिस्सा असतो. तो थोडा वाढला तर गिऱ्हाईकाला फारसे कळतही नाही. मजुराच्या घरात मात्र दूध येते.

चौथा हिशेब माती-पाण्याचा

कपडा दुकानात येण्याआधी शेतात असतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. अंगावर धड कपडा नाही, तोंडाला फडके, पाठीवर पंप. इतरांच्या अंगावरच्या कापडासाठी कापूस पिकवणारा असा उघड्या अंगाने विष झेलत होता.

मालेगाव-भिवंडीचे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी बऱ्याच प्रमाणात राजस्थानातल्या पाली, बालोतरा या गावांकडे जाते. पालीची बांडी नदी त्या रंगांच्या पाण्याने इतकी खराब झाली की खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांना विहिरी आणि जमिनी वाचवण्यासाठी न्यायालयात जावे लागले. रंगाचे पाणी शुद्ध करून सोडायला खर्च येतो. तो खर्च वाचवला की कापड स्वस्त होते आणि विहीर खारट होते. आपण दुपट्ट्याचा रंग पाहून खूश होतो, तो रंग कुणाच्या तरी पाण्यात उतरलेला असतो.

दीन काय सांगतो?

आपण नमाज-रोजा अल्लाहचा हक्क म्हणून सांभाळतो. पण हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, यांची माफी त्या बंद्याकडूनच घ्यावी लागते, हे आपण लहानपणापासून ऐकले आहे. हजरत शुऐब (अ.) यांची कौम मापात मारायची. त्यांना जो इशारा दिला गेला, त्यात लोकांच्या वस्तूंची किंमत पाडू नका, त्यांचे देणे कमी करू नका, हेही होते. कमी मोजून देणाऱ्यांवर तर कुरआनमध्ये एक संपूर्ण सूरह आहे. त्यांची खूण अशी सांगितली आहे की स्वतः घेताना पुरेपूर घेतात आणि देताना घटवतात. आपण ही आयत तराजूच्या दुकानदारापुरती वाचतो. बारा तास काम पुरेपूर घ्यायचे आणि मजुरी घटवून द्यायची, हेही मापात मारणेच नव्हे का?

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सगळ्यांना तोंडपाठ आहे. बुखारी शरीफमध्ये याहून कडक इशारा आहे. कयामतच्या दिवशी तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध अल्लाह स्वतः उभा राहील. त्यांतला एक तो, ज्याने मजुराकडून काम पूर्ण घेतले आणि मजुरी दिली नाही.

याबाबत आपली सगळ्यांत मोठी चूक जकातीत होते. रमजानमध्ये कित्येक दुकानांत "जकातीच्या साड्या" वेगळ्या काढलेल्या असतात. सगळ्यांत पातळ, सगळ्यांत स्वस्त. पन्नास घ्या, शंभर घ्या. घेणारा त्यातली एकही आपल्या घरात नेणार नाही. सूरह बकरहमध्ये ईमानवाल्यांना बजावले आहे की स्वतःला कुणी दिली तर डोळेझाक करूनच घ्याल, अशी निकृष्ट वस्तू अल्लाहच्या वाटेत देऊ नका. जुलै 2015 मध्ये, रमजानमध्येच, बांगलादेशातल्या मैमनसिंह इथे एका कारखानदाराच्या दारात जकातीचे कपडे घ्यायला पहाटे जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक जीव गेले, बहुतेक बायका आणि मुले. ज्या देशात जगभरासाठी कपडे शिवले जातात, तिथल्या गरीब बाईला एका साडीसाठी जीव द्यावा लागला. स्वस्ताईने गरिबी हटत असती तर तिथे असे घडले नसते.

आपल्या हातात काय आहे?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्या घरात हातातोंडाची गाठ आहे, त्या बहिणीने मुलांसाठी स्वस्त कपडा घेतला तर तिच्यावर काही दोष नाही. उलट तीच या व्यवस्थेत दोन्ही बाजूंनी भरडली जाते. हा प्रश्न आहे तो ज्यांना एकाऐवजी चार घेता येतात त्यांना. म्हणजे आम्हाला, आणि वाचकांतल्या बऱ्याच जणांना.

ईदच्या दिवशी आपल्याजवळचा उत्तम कपडा घालावा, ही सुन्नत आहे. तो नवाच हवा, असे नाही. प्रेषित (स.) स्वतःचा कपडा स्वतः शिवायचे, चप्पल दुरुस्त करायचे, हे हजरत आएशा (रजि.) यांच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचले आहे. मग चार कुर्त्यांऐवजी एक चांगली घ्यावी. घेताना उलटी करून शिवण पाहावी, दाब पाहावा. घरातल्या मुला-मुलींना बटण लावायला आणि उसवलेले शिवायला शिकवावे, दोघांनाही. मोहल्ल्यातल्या दर्जीला काम द्यावे आणि चाँदरातीला कपडा नेताना त्याचे पैसे पूर्ण द्यावेत. "ईदनंतर बघू" म्हणू नये, कारण ईद त्यालाही आहे. घासाघीस करायचीच तर मोठ्या दुकानात करावी, पदपथावरच्या आपाशी आणि घरात शिवणाऱ्या बाईशी नको.

जकात रोख द्यावी, म्हणजे घेणारा स्वतःच्या गरजेचे घेईल. कपडाच द्यायचा असेल तर आपल्या घरात चालेल असा द्यावा.

आमच्या वाचकांत कारखानदार आहेत, ठेकेदार आहेत, गठ्ठे पोहोचवणारे आहेत. त्यांना हात जोडून विनंती. कारखान्याची बाहेर पडायची वाट कधी कुलूपबंद ठेवू नका. मजुरीचा हिशेब वहीत लिहा आणि मजुराला दाखवा. मुलांच्या हातात काम देऊ नका. आणि घरी काम करणाऱ्या बहिणींनी ई-श्रम कार्ड काढून घ्यावे. 2021 पासून सरकारने असंघटित कामगारांची ही नोंदणी सुरू केली आहे. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलांनी रमजानमधली एक दुपार यासाठी दिली तरी एक गल्ली पूर्ण होईल.

आम्ही त्या चार कुर्त्यांचे काय केले, ते सांगून थांबतो. दोन फाटल्या, दोन अजून आहेत. गठ्ठे देणाऱ्या ठेकेदाराशी खाला आणि गल्लीतल्या आणखी सात बायका एकत्र बसून बोलल्या. एकीने मागितले असते तर त्याने काम दुसरीला दिले असते. आठजणींनी मागितल्यावर डझनाला दहाचे चौदा झाले. फार नाही. पण खाला म्हणाल्या, "नातीला आता संध्याकाळी गठ्ठ्यावर बसवत नाही."

या ईदला बाजारात जाताना भाव ऐकून आनंद होण्याआधी क्षणभर थांबून विचारू या, यात कुणाचा हक्क तर राहिला नाही ना? अल्लाह आपल्या कमाईत आणि खरेदीत बरकत देवो, आणि कुणाचीही मजुरी आपल्या मानेवर घेऊन त्याच्यापुढे उभे राहण्यापासून आपल्याला वाचवो. आमीन.